दातातला डिसमिस

म्हाताऱ्याच्या पेल्याच्या काठावर रोज एक काळं कडं उमटायचं आणि ते पाहून सुनेला रोज मळमळायचं. साबणाने घासा, तारेने घासा, दुसऱ्या दिवशी कडं हजर. त्यात ग्रीस असायचं, जळकं ऑइल असायचं आणि म्हाताऱ्याची लाळ असायची. शेवटी तिने त्याचा पेला वेगळा केला. कडेला चेपलेला एक जुना पेला काढला आणि बाकीच्या भांड्यांत मिसळू नये म्हणून खिडकीच्या फळीवर ठेवला.  म्हातारा फळीवरून घ्यायचा, प्यायचा, परत फळीवर ठेवायचा.

"आता त्यांचं ताटही वेगळं करू का?" तिने नवऱ्याला विचारलं.

विचारलं म्हणजे ओरडून विचारलं. त्या उन्हाळ्यात कोणी कोणाशी साध्या आवाजात बोलतच नव्हतं. रस्त्यापलीकडे खडी फोडायचं मशीन बसलं होतं. सकाळी सातला जे सुरू व्हायचं ते दिवस मावळेपर्यंत दगड चावत राहायचं. भातात धूळ, पाण्यात धूळ, उशीवर धूळ. दोन माणसं एकमेकांना 'मीठ दे' म्हणाली तरी लांबून बघणाऱ्याला भांडण जुंपल्यासारखं वाटे.

"त्यांचा तो डिसमिस बंद करा एकदाचा," बायको म्हणाली. "नाहीतर मला जेवण जात नाही त्यांच्यासमोर."

जेवण नवऱ्यालाही, म्हणजे धाकट्या मिस्त्रीलाही, जात नव्हतं. धाकटा हे नुसतं म्हणायला. माणूस चाळिशी ओलांडून बसला होता, डोक्यावर टक्कल पडलं होतं, पण बाप थोरला मिस्त्री म्हणून हा धाकटा. गॅरेज बापानेच उभं केलेलं. घरापासून दोनशे पावलांवर, पत्र्याचं, ऑइल पिऊन पिऊन काळ्या झालेल्या जमिनीचं. तिथे एक तीन पायांचं स्टूल होतं आणि त्यावर चाळीस वर्षं म्हातारा बसत आला होता. आता त्याच्याने पाना आवळला जात नव्हता. पण गाडी आली की तो उठायचा, फळीवरचा स्क्रू पिळायचा हातभर लांबीचा, लाकडी मुठीचा डिसमिस उचलायचा, त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवायचा आणि आत काय दुखतंय ते सांगायचा. पूर्वी मूठ कानाला लावायचा. त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. गेलं वर्षभर तो ती मूठ दातात धरू लागला होता.

डोळे मिटायचे, लाकडी मूठ दाढांखाली गच्च धरायची, ओठ वर ओढले जायचे आणि लाळेची तार मुठीवरून ओघळत लोखंडावर यायची. समोर गिऱ्हाईक उभं. धाकट्याला शरमेने कुठे बघावं कळत नसे.

"कानाला लावा ना पूर्वीसारखा," तो ओरडायचा.

"दातांनी बरं कळतं," म्हातारा म्हणायचा, आणि काळे दात दाखवून हसायचा.

धाकट्याने मनाशी ठरवूनच टाकलं होतं. म्हाताऱ्याला त्या स्टुलावरून उठवायचं आणि घरी बसवायचं. स्टूल गेलं की त्या माणसाकडे दुसरं काही उरणार नाही, हे त्याला कळत होतं. कळत होतं म्हणूनच तो निमित्त शोधत होता.

निमित्त गुरांच्या डॉक्टरीणबाईंच्या गाडीने आणून दिलं.

बाई वाड्यावस्त्यांवर, गोठ्यागोठ्यांत फिरायच्या. गाडी दारांपर्यंत शेणाने माखलेली. "सकाळी पहिल्यांदा सुरू केली की खळखळ वाजते," त्या म्हणाल्या. "डब्यात खिळे घालून हलवावेत तशी. दोन-तीन सेकंद. मग गप्प." धाकट्याने गाडी रात्रभर गॅरेजमध्येच ठेवून घेतली, कारण असा आवाज थंड इंजिनालाच येतो. सकाळी बाई आल्या, बॉनेट उघडलं, चावी फिरवली. खळखळ झाली. खडीमशीनच्या गोंगाटातही ती ऐकू आली.

म्हातारा उठला. डिसमिस दातात धरला. टोक इंजिनाच्या पुढच्या झाकणावर टेकवलं, मग जरा वर, मग खाली, मग बाजूला. गाडी बंद करून पुन्हा सुरू करायला लावली. धाकट्याने बाईंकडे पाहिलं. बाईंनी डावा तळहात गालावर धरला होता आणि तोंड वाकडं केलं होतं. शेजारचा टायरवाला पंक्चरच्या टबावर पाय ठेवून मजा बघत होता.

"चेन," म्हातारा बॉनेटखाली वाकून मुलाच्या कानाशी म्हणाला. "टायमिंगची चेन सैल पडलीय. आतला गाईड तुटतोय. तेलाचा दाब येईपर्यंत चेन मोकळी आपटते. उघडायला लागेल."

ही चेन इंजिनाच्या पोटात असते. सायकलच्या चेनसारखीच, पण खालचं चाक आणि वरची चाकं एका ठेक्यात फिरवण्याचं काम तिचं. प्लास्टिकचे गाईड तिला सरळ धरतात आणि तेलाच्या दाबावर चालणारा टेन्शनर तिला ताणून ठेवतो. ती सैल होऊन एखादा दात जरी सुटला तरी सगळा ठेका चुकतो. हे सगळं धाकट्याला ठाऊक होतं. चेनची शंका त्याला स्वतःलाही आली होती. पण चेन म्हणायची तर म्हाताऱ्याच्या दातांना मान द्यायचा, आणि एकदा मान दिला की तो डिसमिस जन्मभर त्या तोंडात बघायचा.

"काय निघालं?" बाईंनी ओरडून विचारलं.

"टॅपेट आहेत. व्हॉल्व्हच्या वरचे, जरा ढिले झालेत. विशेष काही नाही."

"बाबाही तेच म्हणाले?"

"तेच," धाकटा म्हणाला.

"कळणारच!" टायरवाला ओरडला. "म्हाताऱ्याचं डोकं गेलं, पण दात शाबूत आहेत."

धाकटा हसला. टायरवाला हसला. म्हाताऱ्याने एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि सगळे हसतायत म्हणून तोही हसला. त्या हसण्याची, त्या काळ्या हिरड्यांची धाकट्याला इतकी शिसारी आली की त्याने पाठ फिरवली.

त्याने जाड ऑइल ओतलं आणि वरून आवाज बसवायची म्हणून डब्यात मिळते ती मधासारखी चिकट दवा रिकामी केली. असल्या दवेने इंजिन बरं होत नाही, फक्त गप्प होतं. दुसऱ्या दिवशी गाडी न खळखळता सुरू झाली आणि बाई घेऊन गेल्या.

"बसला ना आवाज?" धाकट्याने बापाला हातवारे करत विचारलं.

म्हाताऱ्याने गाडी उभी होती त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. "आवाज बसला. चेन बसली नाही."

तेवढं पुरलं. धाकट्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "उद्यापासून तुम्ही घरीच बसा," तो बापाच्या तोंडासमोर तोंड नेऊन ओरडला.

"का?"

"किळस येते लोकांना."

"कोणाला?"

"सगळ्यांना. मला येते."

म्हाताऱ्याने डिसमिसची मूठ सदऱ्याच्या टोकाला पुसली, नीट, सगळीकडून, आणि तो फळीवर ठेवून दिला. मग स्टूल भिंतीला सरकवलं आणि उन्हात दोनशे पावलं चालत घरी गेला. टायरवाल्याने जाताना त्याच्या पाठीवर थाप मारली. "डिसमिस चावणाऱ्यालाच डिसमिस केलं!" तो म्हणाला, आणि हा विनोद पुढे आठवडाभर प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत राहिला. धाकट्याला दरवेळी हसावं लागे.

म्हातारा घरात खिडकीशी बसू लागला. समोर त्याचा पेला, पलीकडे रस्ता, त्यापलीकडे खडीमशीन. सुनेला वाटलं होतं, आता तरी पेला स्वच्छ राहील. राहिलाही. पण पाचव्या दिवशी ती तणतणत गॅरेजवर आली.

"चौकट चावतात!"

"काय?"

"खिडकीची चौकट! दात लावून बसतात तिला, डोळे मिटून. लाकूड ओलं झालंय, दातांचे वळ उठलेत. माणूस आहे का उंदीर? मी विचारलं तर म्हणतात, समोरच्या मशीनचं बेअरिंग चाललंय, चार दिवस काढेल."

धाकट्याने कपाळावर हात मारला. टायरवाल्याने ऐकलं नसावं एवढीच त्याची इच्छा होती.

त्यानंतर पाचव्या दिवशी दुपारी खडीमशीन बंद पडलं.

किंचाळल्यासारखा एक आवाज झाला, मग धडधड, मग काहीच नाही. माणसं घराबाहेर आली. दोन महिन्यांत पहिल्यांदा भरदिवसा झाडावरचा कावळा ऐकू आला, नळाचं पाणी ऐकू आलं. बेअरिंग फुटलं, नवीन लांबून यायचं, चार-पाच दिवस लागतील, असं मशीनवरच्या कामगाराने सांगितलं. लोकांचे आवाज आपोआप खाली आले. एवढे दिवस आपण एकमेकांवर नुसते खेकसत होतो याची सगळ्यांना थोडी लाजच वाटली.

सुनेने त्या शांततेत भांडी आवरता आवरता साध्या आवाजात विचारलं, "मामंजी, पाणी देऊ का?"

म्हातारा खिडकीबाहेर बघत होता.

"मामंजी."

काही नाही. तिच्या हातातलं ताट सुटलं आणि फरशीवर आपटून गरगरत राहिलं. शेजारचं कुत्रं भुंकलं. म्हाताऱ्याने मान वळवली नाही.

संध्याकाळी नवरा हातपाय धुऊन आला तेव्हा ती दारातच उभी होती. "मामंजींना ऐकू येत नाही," ती हळूच म्हणाली.

"काहीतरीच. रोज बोलतो मी त्यांच्याशी."

"रोज ओरडतो आपण. सगळेच ओरडत होते, म्हणून कळलं नाही."

तो बापाच्या मागे जाऊन उभा राहिला. "बाबा," म्हणाला. मग मोठ्याने म्हणाला. मग त्याची सावली खिडकीच्या फळीवर पडली तेव्हा म्हाताऱ्याने वळून पाहिलं.

"कधीपासून?" धाकट्याने स्वतःच्या कानाला हात लावून विचारलं.

म्हातारा त्याच्या ओठांकडे बघत होता. आता धाकट्याच्या लक्षात आलं, की गेलं वर्षभर हा माणूस कोणाच्या डोळ्यांकडे बघतच नव्हता. तोंडाकडे बघत होता.

"दोन वर्षं झाली," म्हातारा म्हणाला. "आधी बारीक आवाज गेले. मग बाकीचे. उरलंसुरलं या उन्हाळ्यात. तोंडं बघून भागवतो. कानाला लावलेला डिसमिस तर वर्षापूर्वीच मुका झाला. एक दिवस दोन्ही हात गुंतले होते म्हणून दातात धरला, तर सगळं इंजिन डोक्यात. हाडातून येतं ते."

"सांगायचं नाही का?"

"बहिऱ्या मिस्त्रीकडे गाडी कोण आणेल?" म्हातारा म्हणाला, आणि पुन्हा बाहेर बघू लागला.

धाकट्याचा घास त्या रात्री तोंडात फिरत राहिला. उद्या बोलावू बाबांना, तो बायकोला म्हणाला. स्टूल पुसून ठेवतो. एवढं म्हटल्यावर त्याला बरं वाटलं. चांगुलपणा करायचा नुसता विचार केला तरी काही लोकांचं पोट भरतं, त्यातला तो होता.

सकाळी बाईंची गाडी ट्रॅक्टरमागे दोराने बांधून आली.

बाई ट्रॅक्टरवर चालकाशेजारी बसल्या होत्या. उजवी बाही खांद्यापर्यंत गुंडाळलेली, आणि हातावर बोटांपासून दंडापर्यंत रक्त सुकून तडकलं होतं. त्या उतरल्या. धाकट्याने पाण्याची बादली पुढे केली. त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

"चढावर दम टाकला गाडीने," त्या म्हणाल्या. आवाज साधाच होता. ओरडायची गरज नव्हती. "धडाधड उडायला लागली आणि बंद. पुढे तासभर चालत गेले. गाय अडली होती. वासरू आडवं. आधी वासरू गेलं, मग गाय. माझा हात आत असताना गेली ती. कळलं मला."

त्या धाकट्याकडे वळल्या.

"टॅपेट म्हणालात तुम्ही. बाबाही तेच म्हणाले, म्हणालात."

 धाकट्याने इथे तोंड उघडायला हवं होतं. दोन शब्दांचं काम होतं. पण दोन शब्द शोधायला तो एवढा वेळ लावत बसला की टायरवाल्यानेच तोंड घातलं.

"म्हाताऱ्याचंच काहीतरी चुकलं बाई. चावून चावून निदान करायचा. म्हणून तर यांनी त्याला घरी बसवला."

धाकट्याने आपल्या नखांतला मळ पाहिला. हो, असं त्याने म्हटलं नाही. नाही, असंही म्हटलं नाही. त्याने कानाडोळा केला.

आणि नेमका तेव्हाच म्हातारा आला. ओढत नेलेली गाडी त्याने खिडकीतून पाहिली होती. पायात चपला न घालता आला होता. बाई त्याच्याकडे वळल्या.

"तुमचा एवढ्या वर्षांचा हात बाबा. तुम्हाला तरी कळायला हवं होतं. तुमच्या चुकीने दोन जीव गेले."

म्हाताऱ्याने त्यांच्या हातावरचं रक्त पाहिलं, हलणारे ओठ पाहिले. काहीतरी वाईट झालंय एवढं त्याला कळलं. त्याने हात जोडले. "हो," तो म्हणाला. "हो, हो."

बाईंच्या मागे, चार पावलांवर, धाकटा उभा होता. त्याने पाना उचलला.

इंजिन उघडायला दुपार झाली. वरचं झाकण काढलं तर आत काळा मुरंबा. जळक्या तेलाचा आणि त्या दवेचा गोळा झाला होता, बोट घातलं तर बोट बुडेल एवढा, आणि वास असा की टायरवाला नाक दाबून पळाला. धाकटा दोन्ही हातांनी ते उपसत राहिला. खालचं ऑइलचं चेंबर काढलं तर त्यात तोच चिखल आणि चिखलात तपकिरी प्लास्टिकचे तुकडे. गाईडच होता तो. तेल ओढणारी जाळी त्यांनी गच्च बुजली होती. टेन्शनरला तेल पोचलंच नव्हतं. पुढचं झाकण निघालं तेव्हा चेन कपड्याच्या दोरीसारखी लोंबत होती. खालच्या चाकाची खूण आणि वरच्या चाकांच्या खुणा दोन दातांनी चुकल्या होत्या.

त्याला उलटी होईल असं वाटलं. वास होताच. पण वासाने मिस्त्रीला उलटी होत नाही.

म्हातारा कोणी न सांगता स्टुलावर येऊन बसला होता. त्याने तुकडे रॉकेलमध्ये धुतले आणि जुन्या वर्तमानपत्रावर एकाला एक लावत बसला. हळूहळू कागदावर अख्खा गाईड तयार झाला. शेवटाला करंगळीच्या पेराएवढी जागा रिकामी राहिली. त्याने त्या जागेवर बोट ठेवलं आणि मुलाकडे पाहिलं.

"एक आत आहे."

धाकट्याने चेंबर पुन्हा चाळलं. नव्हता. जाळी काढून तिच्यामागची नळी तारेने ढोसली तेव्हा तो टपकन हातावर पडला. राहिला असता तर नव्या चेनचंही तेल अडलं असतं. म्हाताऱ्याने तो घेतला, रिकाम्या जागी बसवला आणि कागद गुंडाळून ठेवून दिला. त्याच्या तोंडावर 'मी म्हणालो नव्हतो का?' असं काही नव्हतं. ते असतं तर धाकट्याला चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी सामान आलं. चेन, दोन गाईड, टेन्शनर, चाकं. तिसरा दिवस सगळं धुण्यात आणि जोडण्यात गेला. उन्हाने पत्रा तापला होता. घामाचे थेंब झाकणाच्या पुसलेल्या कडेवर पडत होते आणि धाकट्याला ती कड पुन्हा पुन्हा पुसावी लागत होती. खुणा जुळवल्या, चेन चढवली, टेन्शनरची पिन ओढली. टेन्शनरचा दांडा पुढे आला आणि चेन ताठ झाली. आता झाकण लावावं म्हणून त्याने हात पुढे केला, तर समोर म्हाताऱ्याची दोन बोटं. दोन फेरे. इंजिन हाताने दोनदा पूर्ण फिरवून खुणा परत जुळतात का बघायचं, हे बापाने त्याला दहाव्या वर्षी शिकवलं होतं. तो विसरला होता. त्याने पाना लावून फिरवलं, मुकाट्याने, दोनदा. खुणा जुळल्या.

झाकणं बसली, नवं फिल्टर आणि हवं तेच पातळ ऑइल पडलं. चारही सिलिंडरचे दाब मोजले. सारखे आले. व्हॉल्व्ह वाकले नव्हते. नशीब म्हणायचं, पण ते गाडीचं नशीब होतं. गाईचं नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी खडीमशीन नव्या बेअरिंगसह सुरू झालं आणि पुन्हा जग ओरडू लागलं. दहाच्या सुमाराला बाई आल्या. धाकट्याने चावी फिरवली. इंजिन लागलं. पण खळखळ आहे की नाही हे कळायला मार्ग नव्हता. मशीन कानात दगड ओतत होतं. तो बॉनेटमध्ये डोकं घालून उभा राहिला. एकदा खात्री नसताना 'बसला' म्हणून गाडी दिली होती.

त्याने इंजिन बंद केलं.

"बाई," तो म्हणाला, "बाबांनी तेव्हाच सांगितलं होतं."

"काय?"

"बाबांनी चेन सांगितली होती!"

"ऐकू येत नाही!"

तो जवळ गेला, पण जवळ जाऊनही उपयोग नव्हता. छाती भरून घेऊन ओरडावंच लागलं. "बाबा चेन म्हणाले होते! मीच खोटं सांगितलं! टॅपेट मी म्हणालो! त्यांना ऐकूच येत नाही, तुम्ही बोललात ते कळलंच नाही त्यांना!"

टायरवाला टबावरून उठला. मशीनच्या फाटकाशी उभे असलेले दोन कामगारही इकडे बघू लागले. दोनशे पावलांत ज्याने ते ऐकलं नाही असा एकच माणूस होता, आणि तो स्टुलावर बसून फडक्याने पाने पुसत होता.

"का?" बाईंनी विचारलं.

"तुम्हाला किळस आली! डिसमिस तोंडात घालतात म्हणून! तुम्ही तोंड वाकडं केलं होतंत!"

 बाई त्याच्या कानाशी आल्या. "माझी दाढ दुखत होती त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "मी खांद्यापर्यंत हात घालते गाईच्या आत. मला डिसमिसची काय किळस येणार?" त्या एक पाऊल मागे सरल्या. "आता येतेय."

डोळ्यांत पाणी येईल असं काही त्यांच्या बोलण्यात नव्हतं. त्यांनी नुसतं सांगितलं. मग त्या म्हाताऱ्यासमोर जाऊन उकिडव्या बसल्या, त्याला आपले ओठ दिसतील अशा. काय म्हणाल्या ते धाकट्याला ऐकू आलं नाही. म्हाताऱ्याने मान हलवली, उठला, फळीवरचा डिसमिस काढला. बाईंनी चावी फिरवली.

म्हाताऱ्याने मूठ दाढांखाली धरली आणि टोक झाकणावर टेकवलं. वर, खाली, बाजूला. गाडी बंद, परत सुरू. लाळेची तार ओघळली. कोणी हसलं नाही. त्याने बराच वेळ घेतला. मग डिसमिस तोंडातून काढला, आणि पुसला नाही. मूठ पुढे करून मुलासमोर धरली.

"चाव," म्हणाला.

धाकट्याने मुठीकडे पाहिलं. लाकडावर वर्षभराच्या दातांचे खळगे होते, खळग्यांत काळा मळ होता, आणि वर ओलं चकाकत होतं.  त्याने डोळे मिटले आणि ती तोंडात घेतली. लाकूड कोमट होतं. कडवट तेल, लोखंड, आणि बापाच्या तोंडाचा शिळा वास. ओकारी गळ्यापर्यंत आली. त्याने दात आवळले आणि टोक टेकवलं.

खडीमशीन कुठल्या कुठे गेलं. कवटीच्या आत, दोन डोळ्यांच्या मध्ये, चेन फिरत होती. सरसर, सरसर, एका लयीत, कुठे आपटत नव्हती, कुठे घासत नव्हती. पाण्याचा पंप वेगळा ऐकू येत होता, पट्टा वेगळा. एवढं स्पष्ट त्याने इंजिन कधीच ऐकलं नव्हतं. म्हाताऱ्याला हे वर्षभर ऐकू येत होतं. आणि त्याला आपण घरी बसवून चौकट चावायला लावली होती.

"बसली?" म्हाताऱ्याने विचारलं.

तोंड भरलेलं होतं. त्याने मान हलवली.

बाई गाडी घेऊन गेल्या. पुन्हा येईन म्हणाल्या नाहीत, येणार नाही असंही म्हणाल्या नाहीत. जाताना म्हाताऱ्याच्या खांद्याला हात लावला. धाकट्याकडे बघितलंही नाही. टायरवाला दिवसभर आपल्याच कामात राहिला.

दिवस मावळताना बापलेक घरी आले. हातपाय धुतले. धाकट्याने चूळही भरली, दोनदा, पण चूळ भरून ते जात नाही. तो पाटावर बसला. बायको भात वाढायला वाकली आणि तिची नजर त्याच्या तोंडावर गेली. ओठांच्या कडांना काळं, दातांच्या फटींत काळं. तिने मामंजींच्या तोंडाकडे पाहिलं, पुन्हा नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. तिचं नाक मुरडलं.

तिने भाताचं भांडं खाली ठेवलं. उठून आत गेली, भांड्यांत शोधून एक जुना, पोचा आलेला पेला काढला, आणि खिडकीच्या फळीवर मामंजींच्या पेल्याला लागून ठेवला.